मैदान, नकाशा आणि महिनाअखेर

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत अष्टांगिक मार्गावर, दहा पारमितांवर, बाबासाहेबांच्या ग्रंथांवर अभ्यासपूर्ण विवेचन झाले. आज आम्ही उभे आहोत ते विहारामागच्या मैदानाविषयी बोलायला. कार्यक्रमपत्रिका हाती पडल्यावर एका ज्येष्ठांनी हसत विचारले, "अहो, वर्षावासात बागबगिच्याचे काय काम?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येणार नाही.

तथागतांना मिळालेले पहिले मोठे दान कोणते? राजगृहाचे वेळुवन. म्हणजे एक बाग. विनयपिटकाच्या महावग्गात बिंबिसार राजाच्या मनातला विचार नोंदवलेला आहे. भगवंतांना राहायला जागा कशी हवी? गावापासून फार दूर नको, फार जवळही नको, जायला-यायला सोयीची हवी, ज्याला भेटायचे त्याला सहज पोचता यावे, दिवसा गर्दी नको आणि रात्री गोंगाट नको. पुढे अनाथपिंडिकाने जेतवन निवडले तेव्हाही हीच कसोटी लावली. आजच्या नगररचनाकाराला एखाद्या उद्यानाची जागा ठरवायला सांगितली तर तो याहून फार वेगळे काही सांगेल असे आम्हाला वाटत नाही. बागा, आम्रवने, सावलीच्या मोकळ्या जागा हे धम्माचे अंगणच होते. तेव्हा विहारात मैदानाची चर्चा करणे म्हणजे विषयांतर नव्हे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. संघात एखादे काम करायचे असेल तर आधी ठराव मांडला जाई. त्याला ञत्ती म्हणत. महत्त्वाच्या कामात ठराव मांडून झाल्यावर तीनदा विचारले जाई की ज्याला मान्य असेल त्याने मौन पाळावे आणि ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. तीनदा विचारूनही कोणी बोलले नाही तर संघाची संमती आहे असे धरले जाई. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी संघाच्या याच कार्यपद्धतीची आठवण देशाला करून दिली होती. संसदीय कामकाजाचे नियम भिक्षू संघाला ठाऊक होते, हे त्यांनी तेथे आवर्जून सांगितले.

आता आपल्या प्रभाग कार्यालयातला फलक आठवा. तेथे एक नकाशा लावला आहे. शीर्षक आहे 'मैदानाचे सुशोभीकरण व सुविधांचे श्रेणीवर्धन'. खाली बारीक अक्षरात लिहिले आहे की नागरिकांनी आपल्या सूचना व हरकती महिनाअखेरपर्यंत लेखी द्याव्यात. ही ञत्तीच आहे. फरक एवढाच की संघात तीनदा विचारत, येथे एकदाच विचारले आहे, तेही जिन्याखालच्या फलकावर. आपण गप्प राहिलो तर आपली संमती आहे असे धरले जाईल.

या कामामागचा कायदा थोडक्यात समजून घेऊ. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्याप्रमाणे प्रत्येक शहराची विकास योजना तयार करावी लागते आणि कलम २२ मध्ये त्या योजनेत काय काय असावे याची जी यादी आहे तीत शाळा, दवाखाने, बाजार यांच्याबरोबर मोकळ्या जागा आणि क्रीडांगणेही आहेत. योजनेचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, त्यांची सुनावणी घ्यावी लागते. मुंबईच्या विकास योजनेचे उदाहरण ताजे आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये मसुदा आला. लोकांनी नकाशे उलगडून पाहिले, चुका दाखवल्या, हजारोंनी हरकती घेतल्या, आणि एप्रिल २०१५ मध्ये शासनाला तो मसुदा नव्याने करायला सांगावे लागले. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि मंजुरी मिळाली ती २०१८ मध्ये. हे आंदोलन मोर्च्यांपेक्षा कागदांनी अधिक झाले.

एकदा मंजूर झालेल्या योजनेत एखाद्या भूखंडाचे आरक्षण बदलायचे असेल तर कलम ३७ प्रमाणे पुन्हा जाहीर सूचना द्यावी लागते. म्हणजे मैदानाची जागा बाजाराला द्यायची असेल तर लोकांना विचारल्याशिवाय देता येत नाही. पण मैदान नावाने मैदानच ठेवून त्याच्या पोटात काय करायचे, कुंपण किती उंच, फाटक कोठे, वेळ कोणती, पैसे घ्यायचे की नाही, याला हे कलम सहसा लागू होत नाही. नकाशावर हिरवा रंग तसाच राहतो. आतले मात्र सगळे बदलते. महापालिकांच्या अधिनियमांत तर बागा आणि क्रीडांगणे ही ऐच्छिक कर्तव्यांत मोडतात. नळ आणि गटार देणे बंधनकारक, बाग देणे मर्जीचे. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत उद्याने आणि क्रीडांगणांचा विषय नगरपालिकांकडे सोपवला खरा, पण विषय सोपवला म्हणजे काम होते असे नाही. म्हणून श्रेणीवर्धनाच्या बाबतीत जेव्हा कधी लोकांचे मत मागितले जाते तेव्हा ती संधी समजायची. आपल्या कार्यालयाने ते मागितले, याबद्दल आम्ही त्यांचे आभारही मानतो.

आता नकाशाकडे वळू. आपल्या मंडळाच्या मुलांनी मागच्या रविवारी फीत लावून मैदान मोजले. लांबी पंचेचाळीस मीटर, रुंदी तीस मीटर. नकाशात चारही बाजूंनी अडीच मीटर रुंदीचा चालण्याचा मार्ग आहे आणि त्याच्या आत दीड मीटरची झुडपांची पट्टी. म्हणजे प्रत्येक बाजूने चार मीटर गेले. उरले सदतीस गुणिले बावीस. त्यात तीस बाय सोळा मीटरचे जाळीबंद टर्फ, तासाच्या भाड्याने द्यायचे. उरली कडेची सहा मीटरची एक पट्टी आणि सात मीटरची दुसरी. आता कबड्डीचे मैदान पुरुषांसाठी तेरा बाय दहा मीटर लागते आणि मुलींसाठी बारा बाय आठ. सात मीटरच्या पट्टीत आठ मीटरचे मैदान मावत नाही, हे सांगायला इंजिनिअर कशाला हवा? खो-खोला सत्तावीस बाय सोळा मीटर लागतात, त्याचे तर नावच नको. ज्या मैदानावर आपल्या मुली रोज संध्याकाळी कबड्डीचा सराव करतात ते मैदान अद्ययावत झाल्यावर एका मीटरने त्यांना बाहेर काढणार आहे.

टर्फ वाईट असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या पोराच्या खिशात वडापावचे पैसे नसतात त्याने ताशी भाडे कोठून द्यायचे?

वेळांचेही तसेच. फलकावरच्या टिपणात उद्यानाची वेळ सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ अशी आहे. ही वेळ ज्यांची नोकरी दहा ते सहा आहे त्यांची आहे. आम्ही बँकेत कारकुनी करतो, आम्हाला ती चालेल. पण आपल्या वसाहतीत किती घरे सफाई कामगारांची आहेत? पहाटे अंधारात घर सोडणारा माणूस दुपारी दोनला परततो, दहा बाय बाराच्या खोलीत पत्रा तापलेला असतो, त्याला झाडाखाली अर्धा तास टेकायचे असते, तेव्हा फाटकाला कुलूप. घरकामाला जाणाऱ्या आपल्या भगिनींची दोन कामांमधली मोकळी वेळही नेमकी दुपारचीच. आणि रात्री नऊनंतर? मैदानाच्या कोपऱ्यातल्या दिव्याखाली स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन बसणारी मुले आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांतली दोघे नोकरीला लागली, एक मुलगी परिचारिका झाली. घरात टीव्ही, स्वयंपाक, लहान भावंडे, आजारी माणूस हे सगळे एकाच खोलीत. त्यांची अभ्यासिका म्हणजे तो दिवा. नव्या नकाशात कारंज्याला रंगीत दिवे आहेत. कोपऱ्यातला तो खांब नाही.

शौचालयही नाही. पिण्याच्या पाण्याचा नळ नाही. बायका तासभर मैदानावर बसत नाहीत याचे कारण लोक भलतेच सांगतात. खरे कारण शौचालय हे आहे, आणि ते बायकांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय कोणत्याही साहेबाच्या ध्यानात येणार नाही. म्हणून महिला मंडळाला आमची विनंती आहे की तुमचा अर्ज तुम्ही वेगळा द्या.

येथे थोडे मागे जाऊ. मोकळ्या जागेवर हक्क सांगण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर १८७० च्या सुमारास पारशी आणि हिंदू पोरे क्रिकेट खेळत. १८७५ मध्ये युरोपियनांचा बॉम्बे जिमखाना निघाला. त्यांना त्याच मैदानावर पोलो खेळायचा होता. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडे आणि दुसऱ्या दिवशी चेंडू कोठेही उसळे. तेव्हा या क्रिकेटवाल्यांनी काय केले? १८८१ पासून सरकारला अर्ज केले, सह्या गोळा केल्या. सरकारने एकदा पोलो हलवला, मग पुन्हा परत आणला, पुन्हा अर्ज झाले. पुढे या साऱ्या झगड्याची हकीकत शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये पुस्तकरूपाने छापली. शहरातल्या खेळाच्या जागेबद्दल प्रजेने सरकारला लेखी जाब विचारल्याचे आपल्या भागातले हे फार जुने उदाहरण असावे.

पण त्या अर्जांत आपले कोणी नव्हते. पालवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. पुण्याच्या मैदानावर त्यांचा प्रवेश झाला तो खेळपट्टी झाडायला आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायला. हिंदूंच्या संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, म्हणून मैदानावर शिवाशीव नव्हती. चहाच्या वेळेला मात्र त्यांना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. (१९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले, ते वेगळे. खेळाडू म्हणून त्यांचे मोठेपण त्याने कमी होत नाही.)

आणि महाड तर आपल्या रक्तातच आहे. पण महाडचा कागद किती जणांनी पाहिला आहे? रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला की सार्वजनिक पैशाने बांधलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुली असावीत. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे सार्वजनिक झाले. पाण्याला मात्र कोणी हात लावू शकत नव्हता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ उचलली तेव्हा ते खरे सार्वजनिक झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि मग बाबासाहेब कोर्टात लढत राहिले ते थेट १७ मार्च १९३७ च्या हायकोर्टाच्या निकालापर्यंत. पाय आणि कागद, दोन्ही चालवले. आपल्याला पायाचा अध्याय पाठ आहे, दहा वर्षांच्या कागदाचा अध्याय आपण फारसा सांगत नाही.

पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर सार्वजनिक राबत्याच्या जागाही आल्या. राज्याच्या पैशाने चालणाऱ्या अशा जागी जातीच्या, धर्माच्या, लिंगाच्या कारणावरून कोणाला अडवता येत नाही. आज कोणत्याही बागेच्या फाटकावर जातीची पाटी नाही, लावायची कोणाची छाती नाही. पण वेळेची पाटी असते, भाड्याची पाटी असते, 'चेंडू खेळण्यास मनाई' अशी पाटी असते. या पाट्या सगळ्यांना सारख्या लागू आहेत असे म्हणतात. त्या लागू झाल्यावर बाहेर कोण उरते ते मोजून पाहावे.

कोणी म्हणेल, अर्जाने काय होणार? बंगलोरचे प्रकरण सांगतो. तेथे एका वसाहतीत उद्यानासाठी राखून ठेवलेला भूखंड मुख्यमंत्र्यांच्या आदेशावरून एका खाजगी न्यासाला रुग्णालय बांधायला दिला गेला. रहिवासी कोर्टात गेले. रुग्णालयही लोकांच्याच उपयोगाचे, मग बिघडले कोठे, आणि या रहिवाशांना तक्रारीचा अधिकार तरी काय, असा युक्तिवाद झाला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. उद्यानाची जागा कोणाच्या मर्जीने फिरवता येत नाही आणि शेजारच्या रहिवाशाला त्याबद्दल विचारण्याचा पुरेपूर अधिकार आहे, असे ठरले. लखनौच्या अमीनाबादेतील झंडेवाला पार्कखाली निविदा न मागवता भूमिगत बाजार बांधायला दिला होता. बांधकाम उभेही राहिले होते. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते काढून बाग पूर्ववत करायला लावली. आणि श्रीमंतांकडून शिकायचे तर मुंबईच्या मलबार हिलचे पाहा. हँगिंग गार्डनखालच्या ब्रिटिशकालीन जलाशयाची पुनर्बांधणी निघाली, साडेतीनशेंहून अधिक झाडांवर गदा येणार होती. २०२३ मध्ये तेथल्या रहिवाशांनी पत्रे लिहिली, बैठका मागितल्या, तज्ज्ञांची समिती नेमायला लावली. पुनर्बांधणीचा बेत मागे पडला आणि दुरुस्तीवर भागवायचे ठरले. त्यांच्याकडे वकील होते, इंग्रजी होते, हे खरे. पण त्यांनी केले ते काम काय, तर आराखडा मागितला, वाचला आणि मुदतीत लिहिले. मराठीत लिहिलेला अर्जही कायद्याने तेवढाच वजनदार असतो.

याउलट काय होते तेही आपण पाहिले आहे. दीक्षाभूमीच्या विकासकामात भूमिगत वाहनतळ होता. १ जुलै २०२४ रोजी हजारो लोक तेथे जमले, स्तूपाला आणि बोधिवृक्षाला धोका होईल या भीतीने संतापले, साहित्याची जाळपोळ झाली, आणि त्याच दिवशी शासनाने त्या कामाला स्थगिती जाहीर केली. लोकांची भावना आम्हाला पूर्ण मान्य आहे. जाळपोळ मान्य नाही. आमच्या ओळखीच्या नागपूरकरांशी आम्ही बोललो तेव्हा एक गोष्ट मनाला लागली. त्यांच्यापैकी बहुतेकांना खड्डा आधी दिसला आणि नकाशा नंतर. लाखो पावलांची ती भूमी. तेथे काय खणायचे ते खणण्याआधी गावोगावच्या विहारांत टांगले असते, तीनदा विचारले असते, तर पोरांच्या अंगावर गुन्हे घेण्याची वेळ आली नसती असे आम्हाला राहून राहून वाटते.

आता जे बोलणार आहोत ते काहींना रुचणार नाही, पण विहारात खरेच बोलले पाहिजे. गेल्या महिन्यापासून अशी कुजबुज आहे की मैदानाचे काम निघालेच आहे तर एका कोपऱ्यात समाजमंदिर आणि भगवंतांची मोठी मूर्ती मागून घ्यावी. सूचनेमागची श्रद्धा आम्ही जाणतो. तरीही आमचा विरोध आहे. कायद्याची बाजू अशी की २९ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रस्ते, उद्याने आणि सार्वजनिक जागांवर धर्माच्या नावाने नवे अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये असा आदेश दिला आहे. व्यवहाराची बाजू अशी की आज आपण कोपरा मागितला तर उद्या समोरच्या चाळीचे मंडळ दुसरा कोपरा मागेल, परवा तिसरे, आणि मग कबड्डीच्या मुली रस्त्यावर. आपला विहार आहे, भिंतीला भिंत लागून आहे. मैदान मोकळे राहिले तरच विहारात हवा येईल. १४ एप्रिलच्या सभेला आणि बुद्ध पौर्णिमेच्या भोजनदानाला आपल्याला मैदान लागते, ते त्या दिवसापुरते परवानगीने मिळावे एवढे लिहून मागू. क्रीडांगण खेळाखेरीज वर्षातले ठरावीकच दिवस देता येते, नगररचना अधिनियमाच्या कलम ३७-अ मध्ये त्याची तरतूद आहे, आणि आपले ते दोन दिवस त्यात बसतात. यावर सभासदांचे मत वेगळे असेल तर त्यांनी आज येथेच बोलावे. संघाची रीत तीच आहे.

मग अर्जात लिहायचे काय? सुशोभीकरण नको असे लिहू नका. तसे लिहिले की फाइलवर 'नागरिकांचा कामास विरोध' असा शेरा पडतो आणि निधी दुसऱ्या प्रभागात जातो. गटाराची दुरुस्ती, कडेची झाडे, म्हाताऱ्यांसाठी पाठीची बाके, चालण्याचा मार्ग यांतले बरेच चांगले आहे, तसे म्हणा. मार्ग अडीचऐवजी दीड मीटर करा, झुडपांची पट्टी काढा, टर्फ वगळा, असे मापांसह मागा. आमचा हिशेब सांगतो: मार्ग दीड मीटर आणि पट्टी रद्द केली तर आत बेचाळीस बाय सत्तावीस मीटर उरतात. टर्फ नसेल तर खो-खो आणि कबड्डी दोन्ही शेजारी शेजारी बसतात, आणि लहान मुलांच्या घसरगुंडीला कोपरा उरतो. दुपारी फाटक उघडे, कोपऱ्यातला दिवा रात्री अकरापर्यंत चालू, पाण्याचा एक नळ, स्त्रियांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळे शौचालय, आणि त्यांच्या रोजच्या सफाईसाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद. ती तरतूद नसेल तर वर्षभरात शौचालयाला कुलूप लागते आणि ते फोडायला कोणी येत नाही.

तीनशे सह्यांचा एक अर्ज देण्याचा मोह होतो. तो बहुधा एकच अर्ज म्हणून नोंदला जातो. तीनशे अर्ज वेगळे द्यावेत, निदान घरटी एक. प्रत्येकाने आपले कारण आपल्या शब्दांत लिहावे: कोणाची मुलगी खेळते, कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला दुपारची सावली हवी. शेवटी 'मला प्रत्यक्ष सुनावणी मिळावी' हे वाक्य असावे. दोन प्रती कराव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. बँकेत रोज आम्ही पाहतो, पैसे भरून स्लिप न घेता जाणारा माणूस महिन्याने भांडायला येतो आणि त्याच्या हातात काही नसते. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज अंदाजपत्रकाच्या प्रतीसाठी जरूर करू, पण त्याच्या उत्तराला तीस दिवसांची मुदत असते आणि आपली मुदत त्याआधी संपते. म्हणून नकाशा आजच फलकावरून उतरवून घेतला आहे. आपल्यातल्या आयटीआयच्या एका विद्यार्थ्याने तो मोठ्या कागदावर मापांसह काढला असून तो ग्रंथालयाच्या दाराशी लावला आहे. शेजारी दुसरा कागद आहे, त्यावर फक्त मैदानाची चौकट आहे. त्यात आपल्याला काय कोठे हवे ते पेन्सिलीने काढावे. मुलांनी आधीच सुरुवात केली आहे आणि कोणीतरी मधोमध जांभळाचे झाड काढून ठेवले आहे. ते झाड आज तेथे नाही, पण मागायला हरकत नाही.

रविवारी सकाळची वंदना झाली की विहाराच्या पडवीत तीन टेबले मांडू. एकावर महिला मंडळ बसेल, एकावर युवक, आणि एकावर आम्ही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे म्हणणे आम्ही लिहून घेऊ, वाचून दाखवू आणि मगच अंगठा घेऊ. सोमवारी अकरा वाजता सगळे अर्ज घेऊन प्रभाग कार्यालयात जायचे आहे. ज्यांना रजा मिळू शकेल त्यांनी आपली नावे अध्यक्ष महोदयांकडे आत्ताच द्यावीत. आम्ही आमची रजा टाकली आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.